मुख्यमंत्री कोण नेमतो?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याने महाराष्ट्रास दोन मुख्यमंत्री दिले. १९६३ साली श्री. वसंतराव नाईक व १९९१ साली श्री. सुधाकरराव नाईक त्या पदावर आरूढ झाले. याचा अभिमान सर्वांसच आहे. तथापि, मुख्यमंत्री कोण नेमतो असे विचारले असता पुष्कळ मंडळी ‘आम्ही मतदार’ असे सांगतात. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

राज्यघटनेच्या ७५ व्या कलमानुसार पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात. १६४ व्या कलमानुसार मुख्यमंत्र्यांची राज्यपाल. मात्र ती कोणाच्या लहरीवर नसते. विधानसभेत ज्याच्या पाठीशी बहुमत असेल, त्यासच पाचारण करावयाचे असते. आज सभागृह २८८ सभासदांचे आहे. तेव्हा १४५ हा आकडा निर्णायक ठरतो.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. श्री. पी. के. सावंत यांनी काही दिवस कारभार सांभाळला. नंतर बहुमतातील काँग्रेस पक्षाने वसंतरावांस नेता निवडले व ५ डिसेंबरपासून ते मुख्यमंत्री झाले. त्यासाठी नवी निवडणूक झाली नाही. म्हणजे १९६२ साली आमदार निवडताना दिलेले मतच तेथवर पोचले!

मुख्यमंत्री सहकारी मंत्र्यांची नावे सुचवितो, खाती वाटून देतो, मंत्रिमंडळाच्या बैठकी चालवितो व राज्यपालांस कारभाराची माहिती देतो. सारे मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिकपणे जबाबदार असते. तेथील विश्वास गमावला की पद गेलेच. वसंतरावांनी अकरा वर्षांहून अधिक काळ हा विश्वास टिकविला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना सुरू झाली ती त्यांच्याच कारकीर्दीत.

आता आपल्या मंडळापुरते बोलतो. ‘आपला माणूस’ मंत्री झाला की आपली कामे होतील, ही अपेक्षा घरोघरी ऐकू येते. परंतु मंत्रिपदाच्या शपथेतच ममत्वभाव वा आकस न बाळगता सर्वांशी न्यायाने वागण्याचे वचन असते. जातीसाठी सवलत मागणे म्हणजे त्यास शपथ मोडावयास सांगणेच होय. म्हणून मत देताना उमेदवाराचे आडनाव पाहू नये. सभागृहात तो कोणावर विश्वास ठेवील, याचा विचार करावा. आम्ही वर्गात मुलांस हेच शिकविले. आज वडीलधाऱ्यांसही तेच विनवितो.

जय हिंद!