सागरतळाच्या गाळातील मोसमी वाऱ्यांचा इतिहास

महाराष्ट्रातील बहुसंख्य शेतकऱ्यांचे वर्ष नैर्ऋत्य मोसमी पावसावर ठरते. परंतु भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. म्हणजे पर्जन्यमापनाच्या पद्धतशीर नोंदी जेमतेम दीडशे वर्षांच्या आहेत. त्यापूर्वीच्या हजारो वर्षांत मोसमी वाऱ्यांचे मान कसे होते, याची साक्ष अरबी समुद्राच्या तळावर थरावर थर साचलेला गाळ देतो.

हा गाळ मिळविण्यासाठी जहाजावरून लांब, पोकळ नळी सागरतळात रोवली जाते. नळीतून निघणाऱ्या गाळाच्या स्तंभात वरचा थर नवा, तर खालचा जुना असतो. त्यात फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची वाळूच्या कणाएवढी चुन्याची कवचे आढळतात. कार्बन-१४ पद्धतीने या कवचांचे वय सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत ठरविता येते.

या जीवांपैकी ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात विशेष उपयुक्त ठरली आहे. नैर्ऋत्य वारे ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात. त्या जागी खालचे थंड व पोषक द्रव्यांनी युक्त पाणी वर येते आणि ही जात झपाट्याने वाढते. ज्या थरात तिची कवचे विपुल, त्या काळी वारे जोरकस, असे अनुमान त्यावरून निघते.

ओमानजवळच्या सागरतळात १९८७ साली आंतरराष्ट्रीय उत्खनन मोहीम झाली. तेथील गाळाचा अभ्यास करून खरगपूरच्या आय. आय. टी.तील अनिल कुमार गुप्ता व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगात दुर्बल असलेले मोसमी वारे ९,००० ते १०,००० वर्षांपूर्वी प्रबळ झाले होते. पृथ्वीच्या भ्रमणातील फरकामुळे उन्हाळ्यातील सूर्याची उष्णता घटत गेली, तसे ते पुन्हा मंदावले. मधूनमधून आलेले त्यांच्या दुर्बलतेचे काळ दूरच्या उत्तर अटलांटिकमधील थंडीच्या काळांशी जुळतात, असे या अभ्यासात दिसून आले. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अरबी समुद्रातील अशा गाळाचे संशोधन चालते.

या साधनाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. ही कवचे वाऱ्याचा जोर सांगतात. अमुक तालुक्यात किती पाऊस पडला, हे सांगत नाहीत. पुढील वर्षीचे भाकीतही त्यांवरून करता येत नाही. तथापि गेल्या शतकाची सरासरी म्हणजे पावसाचा कायमचा नियम नव्हे, हे त्यांनी सिद्ध केले आहे. तलाव, बंधारे व पीकपद्धती यांची आखणी करताना चांगल्या वर्षांइतकाच दीर्घ अवर्षणाचाही हिशेब मांडणे त्यामुळे अगत्याचे ठरते.