ग्रंथ वाचावा, मतही सांगावे



बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सध्या मी पुन्हा वाचीत आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न मांडून वाचकांनाच विचारास प्रवृत्त केले आहे. तेव्हा तो वस्त्रात गुंडाळून पुजावयाचा ग्रंथ नव्हे.

वृद्ध, रोगी व प्रेत २९ वर्षांच्या सिद्धार्थाने पूर्वी पाहिलेच नव्हते, हे बाबासाहेबांना पटले नाही. गृहत्यागाचे कारण त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या वादात शोधले. वकील या नात्याने मला हा युक्तिवाद सबळ वाटतो. माझी पत्नी मात्र म्हणते, रोज पाहिलेले दुःखही एखाद्या दिवशीच दिसते. तिला द्यावयाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. आपण ते प्रकरण वाचून येत्या रविवारी विहारात आपले मत सांगावे.