ध्वनिक्षेपकावाचूनचा प्रवचनकार : रेव्हरंड ना. वा. टिळक



दूरचित्रवाणीचा पडदा आता खेड्यापाड्यांतल्या घराघरांत आला आहे. त्यावर कोणी धर्माविषयी बोलू लागले, की आपण घटकाभर ऐकतो आणि कंटाळा आला तर बटण दाबून मोकळे होतो. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही! अशा श्रोत्यांना धरून ठेवणे सोपे नव्हे. अमेरिकेतले कॅथलिक बिशप फुल्टन शीन यांना ते साधले. आधी आकाशवाणीवर आणि १९५२ पासून दूरचित्रवाणीवर ते बोलत. जवळ साहित्य काय, तर एक फळा आणि खडू. शिक्षकमंडळी म्हणतील, ‘अहो, हे तर आमचेच सामान!’ खरेच आहे. अवघड गोष्ट समोरच्याच्या भाषेत सांगावी, हेच त्यांचे मर्म होते.

पण हे मर्म त्यांच्या कितीतरी आधी आपल्या महाराष्ट्रात एका माणसाला गवसले होते. त्याच्याजवळ ना पडदा होता, ना ध्वनिक्षेपक. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या ब्राह्मण घराण्यातला. नाशिकला त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. पुढे नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. डोंगरावरचे प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता सांगायचे कसे, हा प्रश्न आला. त्या काळी देवळांतली पुष्कळ गीते इंग्रजीवरून उतरवलेली, चालीही विलायती. शब्द मराठी, पण कानाला परके! टिळकांनी अभंग-ओवीची वाट धरली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा आधीच सुरू झाली होती. टिळकांनी तिला आपल्या काव्याचे बळ दिले. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्या आपल्या सोलापूरकरांना कीर्तन काय ते सांगायला नको. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान. अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा ते ऐकून घरी जाते आणि सुनेला सांगते. तिच्यापुरते तेच आकाशवाणी केंद्र! वाचणाऱ्यांसाठी ‘ज्ञानोदय’ होता. त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी अखेरपर्यंत केले.

परंतु या आवाजाची किंमत कोणी मोजली? एक तर टिळकांनी स्वतः. गणगोत तुटले. आणि दुसरी, त्यांच्याहूनही अधिक, लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने धर्म बदलला आणि काही एक अपराध नसताना त्या माउलीचा संसार मोडला. मुलाला घेऊन चार-पाच वर्षे त्यांनी दुराव्यात काढली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी धर्म लगेच बदलला नाही. सोवळेओवळे सांभाळीत, मनाशी झगडत, स्वतःच्या विचाराने त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. हसत सांगितले आहे, पण टिळकांचा तापट, लहरी स्वभाव मुळीच झाकलेला नाही. शाळेत न गेलेल्या बाईचे ते पुस्तक आज मराठीचे भूषण मानले जाते. जगाला प्रीती शिकवणाऱ्याच्या घरातली माणसे काय सोसतात, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने ते अवश्य वाचावे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताची ओढ असलेल्या कोणालाही तिथे यायला मोकळीक असावी, हा त्यांचा हेतू. पण आयुष्य उरले नव्हते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दुरावलेल्या पत्नीने पतीचे अपुरे काव्य हाती घ्यावे, याहून मोठा समेट तो कोणता?

शिक्षकबंधूंनो, टिळकांचा धर्म आपला असो वा नसो, त्यांची रीत आपली आहे. ऐकणाऱ्याच्या ओसरीवर जावे, त्याच्या चालीत बोलावे, आणि आपल्या शब्दांचा भार घरात कोण वाहते आहे, तेही एकदा मागे वळून पाहावे. यंत्रे बदलतील, पण हे बदलायचे नाही.