आच्छादन आधी परसात



आच्छादनाचा उपदेश आम्हा कोरडवाहूवाल्यांना नवा नाही. जो येतो तो 'काडीकचरा जाळू नका, रानात पसरा' म्हणून सांगून जातो. सांगणाऱ्याच्या दावणीला बैल नसतो. ज्वारीचा कडबा ही आमची वैरण आहे. धसकटे, पऱ्हाटी चुलीत जातात. तेव्हा आच्छादन फुकटात होते हे आम्हाला मान्य नाही. रानात कडबा पसरायचा तर त्याची किंमत उत्पादनखर्चात धरा, मग बोलू.

घरामागच्या परसाचा हिशेब मात्र वेगळा. दोन लिंबे, एक शेवगा, चार वांगी, आणि पाणी येते ते बाईच्या डोक्यावरून. एक चौरस मीटर जागेतून एक मिलिमीटर ओल उडाली की एक लिटर पाणी गेले. चैत्र-वैशाखात नुकत्याच भिजवलेल्या उघड्या मातीतून असे चार-पाच लिटर दिवसाला सहज जातात. ते पाणी झाडाने प्यायलेलेच नसते. 1991 साली शरद जोशींनी चतुरंग शेतीत सीताशेती मांडली, ती बाईच्या हातच्या तुकड्याची. तिथे आधी ही गळती थांबवली पाहिजे.

परतीचा पाऊस संपला की जमिनीत ओल असतानाच आळे झाकावे. कोरडी माती झाकली तर ती कोरडीच राहते, वरची हलकी सर आच्छादनच पिऊन टाकते. झाकायला कडबा नको. गव्हाणीतले चघळ, कडुनिंबाचा पाला, फुलावर येण्याआधी उपटलेले गाजरगवत चालते. थर चार बोटे जाड हवा, आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. नाहीतर वाळवी लागते, साल कुजते. काडी मातीत पुरू नका. कुजताना ती नत्र ओढते आणि रोप पिवळे पडते. वर राहू द्या. काळ्या जमिनीला भेगाही कमी पडतात.

पऱ्हाटी मात्र परसात रचू नका. 2017 साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते आपण भोगले आहे. वाळल्या बोंडांत ती दबा धरून बसते. यंत्राने भुगा करून कुजवली तर गोष्ट निराळी, पण ते यंत्र गावात असते कुणाकडे?

यंदा प्रत्येक घराने सारख्या दोन झाडांपैकी एकाचे आळे झाकावे, दुसरे उघडे ठेवावे. कोणत्याला किती घागरी लागल्या ते कोळशाने भिंतीवर मांडावे, आणि होळीनंतरच्या बैठकीला तो आकडा बाईनेच उभे राहून सांगावा.