सुई टोचली तर लपवू नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज मी कर्जाच्या हप्त्यांवर बोलणार नाही. माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

मागच्या वर्षी आपल्या गटातल्या एका ताईंचा फोन आला. त्या एका खाजगी दवाखान्यात साफसफाई करतात. आदल्या दिवशी कचऱ्याची पिशवी उचलताना आतली सुई बोटात घुसली होती. मी म्हटलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, होईल बरं." समाजकार्याची पदवी घेतलेली मी, पण मला पुढचं काही माहीतच नव्हतं. आणि ताईंनी दवाखान्यात सांगितलं नव्हतं. कामावरून काढलं तर? चौथ्या दिवशी गटाच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा आशाताईंनी कपाळाला हात लावला. औषधाची वेळ निघून गेली होती.

कसली वेळ, ते ऐका. वापरलेल्या सुईला दुसऱ्याचं रक्त असतं. त्यातून मुख्यतः तीन आजार येऊ शकतात: हिपॅटायटिस बी आणि सी, म्हणजे काविळीचे दोन प्रकार, आणि एचआयव्ही. एचआयव्ही रोखणारं औषध आहे. ते शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. मला फोन आला तेव्हा जवळजवळ दोन दिवस हातात होते. ते माझ्यामुळे गेले.

घाबरवायला सांगत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई टोचली, तरी लागण होते ती हजारात साधारण तिघांना. हिपॅटायटिस बी मात्र त्याहून कितीतरी सहज लागतो. पण त्याची लस आहे. तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. लस घेतली नसेल आणि सुई टोचली, तर लगेच सुरू करता येते. हिपॅटायटिस सी ला लस नाही, पण औषधांनी तो बरा होतो.

आता टोचल्यावर काय करायचं? मासळी साफ करताना काटा लागला की आपलं बोट आपोआप तोंडात जातं. इथे तसं अजिबात नको. दाबून रक्त काढू नका. चुना, हळद, डेटॉल काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. मग लगेच डॉक्टरांना किंवा सिस्टरना सांगा, नोंद करायला लावा. सुई कोणत्या पेशंटची ते कळलं तर त्याचीही तपासणी करता येते. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे सोय नसेल तर अलिबागचं जिल्हा सामान्य रुग्णालय. रात्र असली तरी "उद्या बघू" नको. १०९७ या मोफत नंबरवर एचआयव्हीची माहिती मिळते.

टोचू नये म्हणून काय करायचं? आपल्यात आशा आहेत, आया आहेत, घंटागाडीवर काम करणाऱ्या आहेत. वापरलेल्या सुईला झाकण परत लावायचं नाही. मलेरियासाठी बोट टोचलेली लॅन्सेटसुद्धा लगेच सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकायची. डबा पाऊण भरला की बंद. पिशवी हाताने दाबायची नाही, अंगाला लावून न्यायची नाही. घरी कुणी इन्शुलिन घेत असेल, तर सुया फिनेलच्या रिकाम्या, जाड बाटलीत टाका. झाकण घट्ट लावा, वर "सुया" लिहा आणि घंटागाडीवर वेगळ्या द्या. तुमच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात हात घालणारी आपलीच कुणीतरी असते.

हे मागणं म्हणजे कुणाचे उपकार नाहीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे, हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं दवाखान्याचं काम आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे, जिथे कामात असा धोका आहे तिथे संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि ते औषध मालकाने द्यायचं आहे. झाडूवालीलासुद्धा. म्हणून कामाला लागताना तीन गोष्टी विचारा: जाड हातमोजे कुठे आहेत? लस कधी देणार? सुई टोचली तर कुणाला सांगायचं?

त्या ताईंचं काय झालं? सहा महिने तपासण्या चालल्या. त्या काळात त्या मुलाला आपल्या ताटातला घास देत नव्हत्या. एका ताटात जेवल्याने, जवळ घेतल्याने यातलं काही होत नाही, हे सांगायला मी त्यांच्या घरी जात राहिले. रिपोर्ट येईपर्यंत नवराबायकोने निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही, एवढंच पथ्य. शेवटचा रिपोर्ट चांगला आला. त्या दिवशी आम्ही दोघी रडलो.

माझी एकच विनंती आहे. प्रत्येक गटाने आज ठराव करावा: अशा वेळी प्रवासाला पैसे गटातून लगेच, बिनव्याजी, आणि सोबत एक बाई. रात्री मुरूड-श्रीवर्धनहून अलिबागला एकटीने निघणं सोपं नाही. ती एकटी आहे म्हणून ७२ तास जाऊ देऊ नका.