वहीतून टॅबवर



आपल्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, हे तुम्ही जाणताच. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. पान उलटायला तिसरा हात आणायचा कुठून? त्यात वयोमानाने अक्षर दिसेना. पेटी सोडावी, इथवर विचार आला होता. मग नातीने वहीच्या पानांचे फोटो काढून टॅबवर घातले.

आता अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पान उलटायला ब्लूटूथचं पेडल मिळतं, पण आपण मांडी घालून बसणारे! म्हणून एक अभंग एकाच पानावर बसवतो. चार्जिंग पूर्ण ठेवायचं, स्क्रीन आपोआप बंद होऊ द्यायची नाही, आणि एअरप्लेन मोड लावायचा. नाहीतर ऐन गजरात मेसेज टणटणतो.

गाणी मुद्दाम टाइप करून घेतली नाहीत. मंडळातले जे सोबती आज नाहीत, त्यांच्या हातचं ‘इथे थांबा’, ‘पट्टी काळी दोन’ समासात तसंच दिसतं. आणि बँकेची सवय म्हणा, नक्कल वापरात, मूळ वही कपाटात.

तेव्हा ज्येष्ठांनो, दिसत नाही म्हणून भजन सोडू नका. टॅब मी आणतो, आवाज तुम्ही आणा.