पीकला शेपूट का फुटतं?

आज दोन पिकांबद्दल बोलायचंय. एक नाशिक-सांगलीच्या बागेतलं द्राक्षाचं. दुसरं माझ्या स्क्रीनवरचं, जीसी-एमएस मशीनच्या आलेखात दिसणारा उंचवटा. त्यालाही आम्ही पीकच म्हणतो. पहिल्याचं नशीब दुसऱ्यावर ठरतं.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश तपासावाच लागतो. आपल्या पुण्यात मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यातली संदर्भ प्रयोगशाळा हेच काम बघते. मी शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये मशीन चालवते. क्लोरपायरीफॉससाठी युरोपची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एक टन द्राक्षात फक्त १० मिलिग्रॅम! पीकखालचं क्षेत्रफळ म्हणजे औषधाचं प्रमाण. पीकला शेपूट फुटलं, की ते कुठे संपतं हेच कळत नाही. आकडा हलतो, आणि शेतकऱ्याचा कंटेनर अडकतो.

म्हणून मशीनला हात लावायच्या आधी विचारा: सगळी पीक्स बिघडलीत की काहीच?

सगळ्यांनाच शेपूट असेल, तर कॉलम बसवण्यात गडबड आहे. टोक वाकडंतिकडं कापलं गेलं असेल, किंवा इनलेटमध्ये कमी-जास्त आत गेलं असेल. पुन्हा सरळ कापा, भिंगातून बघा, मोजून बसवा.

फक्त काही चिकट स्वभावाच्या रेणूंनाच शेपूट? मग लायनर बघा. द्राक्षातली साखर, मेण तिथे साचतं आणि रेणू अडकून राहतात. लायनर बदला. तरी फरक नाही पडला, तर कॉलमचं पुढचं १०-२० सेंटिमीटर टोक कापा. त्यानंतर पीक्स थोडी लवकर येतील, वेळा नव्याने लावा.

फक्त सुरुवातीची पीक्स पसरट किंवा दुभंगलेली? स्प्लिटलेस पद्धतीत ओव्हन बहुतेक जास्त गरम सुरू होतोय. द्रावकाच्या उत्कलनबिंदूपेक्षा १०-२० अंश खाली सुरुवात करा. इथिल ॲसिटेट ७७ अंशांना उकळतं, म्हणजे ६० च्या आसपास. शेवटचीच बिघडली असतील, तर ट्रान्सफर लाइन गार आहे का बघा. आणि पीकचं पोट पुढे आलंय, शेपूट नाही? कॉलमवर माल जास्त झालाय. नमुना पातळ करा.

आता गंमत ऐका. कधीकधी शुद्ध स्टँडर्डचं पीक वाईट येतं आणि द्राक्षाच्या नमुन्याचं छान! कारण द्राक्षाचा अर्क लायनरमधल्या चिकट जागा झाकून टाकतो, त्यामुळे औषधाचे जास्त रेणू पुढे पोचतात. अशा वेळी शुद्ध स्टँडर्डशी तुलना केली, तर औषध असतं त्याहून जास्त दिसतं. निर्दोष बाग नापास! म्हणून स्टँडर्डसुद्धा औषध नसलेल्या द्राक्षाच्या अर्कातच बनवायचं.

शेवटचं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर मशीन सुधारेल, पण का सुधारलं ते कळणार नाही. आणि सॉफ्टवेअरमध्ये माउसने शेपूट छाटून रिपोर्ट सजवू नका. त्या आकड्याच्या पलीकडे कुणाचं तरी वर्षभराचं पीक उभं असतं.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!